निळ्या पेनाच्या खुणा

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन रंगांच्या खुणा असतात. लाल खुणा आत्तींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या. एकादशी, संकष्टी, पंढरीला निघायचा दिवस. त्या माळकरी आहेत. निळ्या खुणा माझ्या. मटण कधी, कोंबडी कधी, मासळी कधी, अंड्यांचा ट्रे कुठल्या तारखेला संपणार, हे सगळं मी निळ्या पेनानं लिहिते. गेली तीन-साडेतीन वर्षं बेळगावच्या अनगोळातल्या आमच्या घरचा मांसाहाराचा खर्च या खुणांवर चाललाय आणि महिन्याला साडेचार हजारांच्या वर मी तो जाऊ दिलेला नाही.

सुरुवात झाली ती ह्यांच्या शुगरपासून. हे उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्नर आहेत. २०२२ च्या दिवाळीनंतर सारखी तहान, रात्री चार-चार वेळा उठणं, लेथपाशी उभं राहिलं की पायाला मुंग्या. रक्त तपासलं तर शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीएवनसी) ८.९ आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्या बाईंनी ताटाचं चित्रच काढून दिलं. अर्ध्या ताटात भाजी, पाव ताटात भात किंवा भाकरी आणि पाव ताटात अंडं, मासा, कोंबडी किंवा डाळ. किडनीचा रिपोर्ट चांगला होता म्हणून प्रथिनं रोज आणि तिन्ही वेळेला घ्या म्हणाल्या.

आता भात कमी करायचा म्हणजे काय, हे बेळगावच्या माणसालाच कळेल. माझं माहेर जांबोटीकडचं, घरचा इंद्रायणी तांदूळ पोत्यानं येतो. हे दोन वेळा भरल्या ताटानं भात जेवणारे. डाळ आणि कडधान्यं जास्त झाली की ह्यांचं पोट फुगतं, हे लग्नापासून बघतेय. म्हणजे भार येणार तो मांसाहारावर. आणि आमच्याकडे मांसाहार म्हणजे रविवारचं मटण. एक किलो, आठशे रुपये. महिन्याला बत्तीसशे त्यातच गेले आणि सोमवार ते शनिवार ताटात पुन्हा भात-आमटी. पहिले दोन महिने मी हेच करत राहिले. पैसे संपले आणि शुगर होती तिथंच.

मग एका रात्री ब्लाउज शिवायचं काम बाजूला ठेवून वही घेतली. त्या बाईंनी सांगितलं होतं की माणसाला रोज किलो वजनामागे साधारण पाऊण-एक ग्रॅम प्रथिन लागतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा आकडा ०.८३ ग्रॅम आहे. ह्यांचं वजन ७० किलो, म्हणजे दिवसाला ५८ ग्रॅमच्या आसपास. मी किलोचा भाव बघायचं सोडून एका ग्रॅमला किती रुपये पडतात ते मांडलं. अंडं साडेसहा रुपयांचं, त्यात सहा ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला रुपया आणि थोडं वर. सोललेली बॉयलर कोंबडी २४० रुपये किलो. हाडं वजा केली तर साडेसहाशे-सातशे ग्रॅम मांस हाती लागतं, त्यातून १४० ग्रॅम प्रथिन धरलं तर ग्रॅमला पावणेदोन रुपये. मटणाचं हेच गणित साडेपाच-पावणेसहा रुपयांवर गेलं. सुकट साडेतीनशे रुपये किलो, वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनच, म्हणजे ग्रॅमला सत्तर पैशांच्या आत. तूरडाळ साठ पैसे. डाळीला तोड नाही हे मी मान्य करते. ज्यांचं पोट तिला साथ देतं त्यांनी आधी डाळच वाढवावी. पण मटण आणि अंडं यांच्यातला पाचपट फरक कागदावर बघितल्यावर रात्रभर झोप लागली नाही.

दुसरी गोष्ट मला कसाई गल्लीतल्या चाचांमुळे कळली. मी रविवारी सकाळी जायची तेव्हा दुकानासमोर माणसावर माणूस. "पाऊण किलो द्या" म्हटलं की हाताला येईल ते तराजूत पडायचं. चरबी, सीन्याची हाडं, सगळं एकाच भावात. एकदा आत्तींच्या वारीच्या गडबडीत रविवार चुकला आणि बुधवारी गेले. दुकान मोकळं. चाचा म्हणाले, "वैनी, रविवारी कशाला येतायसा? बुधवारी या की. बसून पायजे ते काढून देतो." त्यांनी फऱ्याचं मांस दाखवलं, मान दाखवली, चरबी बाजूला काढली आणि मग वजन केलं. भाव तोच, पण त्याच पैशात जवळजवळ दीडपट खाण्यासारखं मांस घरी आलं.

आमच्या भागात असं का होतं ते वारांवरूनच कळतं. सोमवार महादेवाचा. मंगळवार आणि शुक्रवार सौंदत्तीच्या यल्लम्माचे, ते पाळणारी घरं आमच्या गल्लीतच कितीतरी. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. सगळ्यांना चालतील असे वार उरतात दोन, बुधवार आणि रविवार. बुधवारी माणसं कामावर, म्हणून सगळी गर्दी रविवारी. तेव्हा मी बुधवार धरला. सकाळी मुलांचे डबे झाले की अनगोळहून सिटी बस पकडते. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात आम्हा बायकांना सरकारी बस फुकट आहे, त्यामुळे अर्धा किलो मटणासाठी गावात जाऊन येणं परवडतं. आधी रिक्षाचे जाऊन-येऊन जे पैसे लागायचे त्यात आता पंधरा अंडी येतात.

वर्षाचंही असंच आहे. आषाढी अमावास्येच्या आधीचे चार दिवस बॉयलरचा भाव चढतो, कारण श्रावण लागायच्या आधी सगळ्यांनाच खायचं असतं. मी आधीच्या आठवड्यात उरकते. बकरी ईदच्या आधी चांगले बोकड कुर्बानीसाठी जातात आणि मटण महाग होतं. त्या पंधरा दिवसांत मी मटणाची खूणच करत नाही. एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, कर्नाटकात, गोव्यात, महाराष्ट्रात सगळीकडे. चोर्ला घाटातून येणारी मासळी कमी होते आणि भाव विचारायची सोय राहत नाही. अंडी थंडीत महाग, उन्हाळ्यात स्वस्त. दुकानदार रोज सकाळी मोबाईलवर एनईसीसीचा, म्हणजे अंडी उत्पादकांच्या समितीचा, भाव बघतो आणि फळीवर लिहितो, डिसेंबर-जानेवारीत तो आकडा बघून मी ट्रे पाचाऐवजी चारच घेते.

श्रावणात बॉयलर सगळ्यात स्वस्त असतं. ते मात्र आमच्या उपयोगाचं नाही. आत्तींच्या घरात श्रावणात मांस शिजत नाही आणि शिजणारही नाही. पहिल्या वर्षी मी त्यांना घाबरत विचारलं होतं, ह्यांचं काय करायचं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "अंडी उकडून दे मागच्या शेगडीवर. औषध म्हणून खाऊ दे त्याला." तेव्हापासून श्रावणात सकाळी तीन अंडी, दुपारी ताक आणि पनीर, रात्री थोडीशी मुगाची डाळ, असा महिना निघतो. आत्तींची भांडी वेगळी, शेगडी वेगळी. पण बुधवारी मी बसमधून उतरायच्या आत त्या माझ्यासाठी कांदा चिरून, खोबरं भाजून ठेवतात आणि पिशवी दारात आली की देवळात जातात. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून सुरू केलं. घरातली कुटुंबप्रमुख म्हणून सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार त्यांच्या नावावर येतात. त्या पैशाला मी मटणासाठी हात लावत नाही. त्यातून तेल, डाळ, भाजी, दूध. मांसाहाराचे पैसे ह्यांच्या पगारातून आणि माझ्या शिलाईतून.

आता पिशवीत काय येतं ते सांगते, कारण शेजारच्या वैनी आणि माझी धाकटी जाऊ दोघी हेच विचारत असतात.

महिन्याला अंड्यांचे पाच ट्रे, दीडशे अंडी. ह्यांची रोज तीन, बाकीची आमची. धाकटा सरकारी मराठी शाळेत सातवीला आहे. तिथं दुपारच्या जेवणात अंडं मिळतं, २०२४ पासून आठवड्याचे सहाही दिवस, ज्यांना चालत नाही त्यांना केळं किंवा चिक्की. त्यामुळे त्याच्यासाठी सकाळी अंडं फोडत नाही. उन्हाळ्यात ट्रे आणला की मी आधी दोन-चार अंडी पाण्यात टाकून बघते. तळाला आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर लगेच खायचं, तरंगलं तर टाकून द्यायचं. कानडी दुकानात अंड्याला 'तत्ती' म्हणतात हे मला लग्न होऊन बेळगावात आल्यावर कळलं. आता मीही "तत्ती एष्टु री?" असंच विचारते.

आठवड्याला दीड किलो कोंबडी, बहुतेक रविवारी. यात माझी एक समजूत चुकीची निघाली. जिवंत कोंबडीचा भाव १५० आणि सोललेलीचा २४०, म्हणून मी वर्षभर जिवंत वजनावर घेत होते. स्वस्त वाटायची. एकदा घरी आणून मोजली. दीड किलोची कोंबडी साफ करून किलोच भरली. म्हणजे २२५ रुपयांना किलो, फरक पंधरा रुपयांचा, आणि त्यात पंजे-मुंडकं धरलेलं. तेव्हा दोन्ही भाव विचारायचे आणि दुकानात उभं राहूनच हिशेब करायचा. कोंबडी मी अख्खी घेते आणि घरी तीन ठिकाणी वाटते. छातीचं मांस ह्यांच्या दोन दिवसांच्या डब्याला, सुक्कं करून. तंगड्या मुलांना. पाठ, मान, पंख यांचा आधी नुसत्या हळद-मीठ-आल्यात आळणी रस्सा, त्यातला वाटीभर ह्यांना जेवणाआधी, उरलेल्याला चटणी-खोबऱ्याचं वाटण लावून रात्रीचा रस्सा. अंडी देऊन थकलेली लेअर कोंबडी कधी कधी बॉयलरच्या निम्म्या भावात मिळते. मांस चिवट असतं, कुकरला आठ-दहा शिट्ट्या लागतात, पण रस्सा गावठीच्या जवळपास जातो.

महिन्यातून दोनदा अर्धा किलो कलेजी-पेठा (पेठा म्हणजे पोटातली पिशवी), कोंबडीचा. १४० रुपये किलो. इतक्या स्वस्तात चांगलं लोह मिळतं. माझं स्वतःचं हिमोग्लोबिन नऊवर होतं ते यानं वर आलं असं मला वाटतं, अर्थात गोळ्याही चालू होत्या. पेठा आधी वेगळा शिजवायचा, कलेजी शेवटी पाच मिनिटं. जास्त शिजवली की ती रबरासारखी होते. वर लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, चहानं लोह अंगी कमी लागतं. दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगते. कलेजीत अ जीवनसत्त्व फार असतं, म्हणून दिवस असलेल्या बाईनं ती टाळावी. माझ्या नणंदेला मी डबा पाठवत होते तो तेव्हा बंद केला. आणि ज्यांना युरिक अॅसिडचा त्रास आहे त्यांनी कलेजी, वजडी यांच्या नादी लागू नये. माझ्या दिरांचा अंगठा दोन दिवस सुजलेला बघितलाय मी.

बकऱ्याची कलेजी मटणाच्याच भावात जाते, ती घेत नाही. पण मुंडी आणि पाय बुधवारी हमखास मिळतात. साडेतीनशेच्या आसपास मुंडी, चाचा भाजून, खरवडून, तोडून देतात. भेजा वेगळा काढून अंड्याबरोबर परतायचा, जीभ आणि गालाचं मांस रश्श्यात. चार माणसांचं दोन वेळचं भागतं. मुलगी सुरुवातीला नाक मुरडायची. कॉलेजला गेल्यापासून तिलाच मुंडीचा रस्सा लागतो. मटण अर्धा किलो, महिन्यातून दोनदा. चाचा चरबीचा तुकडा वर देतात, ती कढवून त्यातच फोडणी करते, तेल वाचतं.

मासळीत तारले आणि बांगडे. सुरमई-पापलेटकडे मी बघत नाही. तारले सगळ्यात स्वस्त, आणि तेलकट मासा म्हणून हृदयाला चांगला असं आहाराच्या बाईंनीही सांगितलं होतं. संध्याकाळी भाव उतरतो, पण तेव्हा कल्ला उचलून बघायचाच. लाल असला तर घ्यायचा, तपकिरी झाला, डोळा आत गेला, पोट फुटलं तर फुकट दिला तरी नको. आमच्या जांबोटी-कणकुंबीकडे तारल्यांना तिरफळ आणि कोकम लागतं. मी कुकरमध्ये थोड्या जास्त शिट्ट्या घेते, काटे इतके मऊ होतात की तेही खाता येतात.

हे सगळं मिळून चार हजार तीनशे-चारशे होतात. मसाल्याची पाकिटं मी विकत आणत नाही. एप्रिलात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आणून वर्षाची चटणी करून ठेवते. रंग ब्याडगीचा, तिखटपणा संकेश्वरीचा. आमच्याकडे मटण असो की अंड्याचा रस्सा, त्या एकाच बरणीवर चालतं.

एक नुकसान झालं ते लिहायला हवं. मागच्या वर्षी मे महिन्यात एका दुकानदारानं तीन किलो एकदम घेतली तर किलोमागे तीस रुपये कमी करतो म्हटलं. नव्वद रुपये वाचले या आनंदात मी तीन किलो कोंबडी आणून आमच्या एका दाराच्या फ्रीजमध्ये वरच्या खणात कोंबली. त्याच संध्याकाळी वळीव आला. गल्लीत झाड पडलं, लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. वास आलेला नव्हता, पण मांस मऊ पडून पाणी सुटलं होतं. मी अर्धा तास ते भगुणं समोर घेऊन बसले. शेवटी मुलांच्या पोटाचा विचार केला आणि सगळं पुरून टाकलं. सहाशे तीस रुपये. त्या महिन्यात मटणाची एक निळी खूण मी स्वतःच खोडली. तेव्हापासून दोन दिवसांत संपेल तेवढंच आणते, पावसाळ्यात तर एका दिवसाचं.

ह्यांची सरासरी मागच्या तपासणीत ७.१ होती. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी एक कमी केली. भात आता दुपारी एक मूद, तीही आमटीबरोबर नाही, रश्श्याबरोबर. रात्री अर्धी ज्वारीची भाकरी. पायाच्या मुंग्या कमी झाल्या म्हणतात.

आता मे चालू आहे, म्हणजे माझी सुकटीची गडबड. जूनच्या पहिल्या पावसानंतर सुकी मासळी दमट होते आणि भावही चढतो, म्हणून आत्ताच भरायची. परवा माहेरी गेले होते. जांबोटीच्या बाजारात गोव्याकडून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींकडून दोन किलो सुकट, एक किलो बोंबील आणि पंचवीस खारे बांगडे घेतले. मावशी म्हणाल्या, "बाय, बोंबील वाकवून बघ, मोडला तर घे, वाकला तर ठेव." मोडले, घेतले. आईनं पाऊस सुरू झाला की शेतातल्या कुर्ल्या आणि मलप्रभेतले चढणीचे मासे भावाबरोबर पाठवते म्हणून सांगितलंय, त्यामुळे जून-जुलैचा निम्मा प्रश्न तिथंच सुटला.

सुकट आज गच्चीवर पातळ फडक्यावर पसरलीय. दुपारी एकदा हलवून, संध्याकाळी कोमट तव्यावर शेकून, गार झाल्यावर काचेच्या तीन बरण्यांत भरायची. आत्तींना वास सहन होत नाही म्हणून बरण्या जिन्याखालच्या फळीवर जातील. बुधवारी कसाई गल्लीला जायचं आहे. पाय मिळाले तर पाय, नाहीतर मुंडी.